रिकाम्या कुशीचे दुःख

पेठच्या पाड्यांवरून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जाणाऱ्या स्त्रीचा गर्भ आपोआप पडला, तर तिच्या वाट्याला विश्रांतीऐवजी ‘काय जड उचललंस?’ हा दोषारोप येतो. वस्तुतः आरंभीच्या अशा गर्भपातांपैकी सुमारे निम्मे गुणसूत्रांतील दोषांमुळे घडतात. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा दिली. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती राखली. परंतु ती आस्थापनेतील नोकरदार स्त्रीला. रोजंदारीवरील शेतमजूर स्त्री वंचितच. पतीच्या शोकाची तर त्यांत नोंदही नाही. शोकाला अवधी लागतो, आणि मजुराचा अवधी म्हणजे बुडालेली मजुरी. त्या मजुरीसाठी लढावेच. पण तोवर कार्यकर्त्यांनी त्या घरी जाऊन बसावे, उपदेश न करता दोघांचेही ऐकावे.