मुद्रकाचे उत्तरदायित्व



अमेरिकेत तोफांच्या कितीतरी आधी छापखान्याचे खिळे बोलू लागले होते. सन १७६५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने तेथील वसाहतींवर मुद्रांक-कर लादला. वृत्तपत्राच्या प्रतींवर कर, त्यातील प्रत्येक जाहिरातीवर दोन शिलिंग कर! मुद्रकांच्या पोटावरच पाय आला. फिलाडेल्फियाच्या विल्यम ब्रॅडफर्डने आपले पत्र थडग्याप्रमाणे काळ्या चौकटीत छापले. एका गावचे पत्र टपालाने दुसऱ्या गावी जाई, तेथील मुद्रक त्यातील मजकूर पुन्हा छापी, आणि एका नगराचे दुःख साऱ्या वसाहतींचे होई. १७६६ मध्ये तो कर रद्द झाला.

परंतु ज्या शक्तीने लोक जागे होतात, तिनेच ते भ्रमातही पडतात. ५ मार्च १७७० रोजी बोस्टन येथे सैनिकांच्या गोळीबारात पाच नागरिक प्राणास मुकले. पॉल रिव्हिअरने त्याचे चित्र कोरून विकले. त्यात सैनिक रांगेत उभे राहून अधिकाऱ्याच्या हुकमाने गोळ्या झाडीत आहेत. न्यायालयात मात्र तो अधिकारी निर्दोष सुटला. सैनिकांपैकी दोघे तेवढे मनुष्यवधाचे दोषी ठरले. पुढे नोव्हेंबर १७७५ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स रिव्हिंग्टनचा छापखाना राजपक्षीय म्हणून जमावाने उद्ध्वस्त केला व त्याचे खिळे उचलून नेले. स्वातंत्र्याचा घोष करणाऱ्यांनीच प्रतिपक्षाचे तोंड बंद करावे, याचा आम्हांस विषाद वाटतो.

याच काळातील एक भगिनी आम्हांस वंदनीय वाटते. बाल्टिमोरच्या मेरी कॅथरीन गोडार्ड हिने जानेवारी १७७७ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा छापला. सह्या करणाऱ्यांची नावे असलेली ती पहिलीच छापील प्रत होय. युद्ध चालू होते. पराभव झाल्यास राजद्रोहाचा आरोप ठरलेला. एरवी नावाची आद्याक्षरे घालणाऱ्या त्या बाईने त्या पत्रकाखाली आपले संपूर्ण नाव छापले.

बंधुभगिनींनो, आपली स्मरणिका लहान खरी; पण आपल्या घराघरांतील मत तीच घडविते. म्हणून आमची विनंती एवढीच: कोणावर दोषारोप करावयाचा तर तो पडताळून आणि स्वतःच्या नावाने करावा, आणि आपल्या तरुणांचे वा भगिनींचे विरोधी पत्र आले, तर त्यासही याच पानांत मानाची जागा द्यावी. खिळे आपल्या हाती आहेत, म्हणूनच हा भार आपल्यावर आहे.