ओसरी आणि माजघर
(वेळापूर येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, आषाढात माउलींची पालखी आपल्या वेळापुरात मुक्कामाला असते, तेव्हा ओसऱ्या वारकऱ्यांना मोकळ्या असतात. कोण कुठला, कुणी विचारत नाही. माजघराला मात्र आजी कडी घालतेच. तिचा वारकऱ्यांवर राग नसतो. माजघर ते माजघर.

आता फोनकडे येऊ. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते. दाबली की कळतं, नावाच्या शेपटीला 'एपीके' आहे, म्हणजे ती ॲपची फाइल. फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं ॲप टाकू का? आपण 'हो' म्हणतो. मग ते ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं. तिथंही 'हो'. झालं, बँकेचा ओटीपी तिसराच वाचतो. 2025 मध्ये हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याचे अशाच पत्रिकेपायी जवळपास दोन लाख गेले. असं कुणाचं झालंच, तर लाजत बसू नका, आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगलने उपाय जाहीर केला: ॲप करणाऱ्याने आधी आमच्याकडे ओळख पटवून नाव नोंदवावं, मगच ते ॲप फोनवर चढेल. सुरुवात सप्टेंबर 2026 पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये. ओरड झाली, तेव्हा जाणकारांसाठी आडवाट ठेवू म्हणाले. नोंदणीला माझी हरकत नाही. माउलींच्या रथापुढच्या 27 दिंड्यांनाही नंबर आहेतच. पण बिननंबरचा मोकळा समाजही पंढरीला पोचतो, त्याला वाटेत वाखरीला कुणी अडवत नाही.

शिवाय नोंदणीची वही ज्याच्या हातात, दुकानही त्याचंच! 1 मार्च 2024 ला शुल्काच्या वादात गूगलने नौकरी, भारत मॅट्रिमोनी अशी ॲप्स प्ले स्टोअरमधून उतरवली. सरकार मध्ये पडलं, तेव्हा ती परतली. फोनपेचं इंडस ॲपस्टोअर मराठीतही चालतं, पण प्ले स्टोअरवर तुम्हाला ते सापडायचं नाही. फोनमध्ये आधीपासून नसेल, तर वेबसाइटवरून एपीकेच उतरवावी लागते. स्पर्धा आयोगाने 2022 मध्ये गूगलला 1337.76 कोटींचा दंड ठोकला आणि बाहेरून ॲप टाकण्यात आडकाठी नको, असंही बजावलं. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, हे बजावणं मात्र रद्द केलं. मला तो निकाल पटलेला नाही.

पैसे मोजून फोन मी घेतला, तर ओसरीवर कोण बसेल हे मी ठरवणार. कडी हवी ती मेसेजच्या परवानगीला. आणि ती घालता येते. सिंगापुरात 2024 पासून ब्राउझरवरून किंवा मेसेजमधून आलेलं ॲप एसएमएस वाचण्यासारख्या नाजूक परवानग्या मागत असेल, तर गूगल तेवढंच अडवतं. बाकीच्यांना वाट मोकळी.

काल मी माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्या उघडून बसलो. कॉन्टॅक्टच्या यादीत पंचांगाचं एक ॲप निघालं. तिथी सांगायला त्याला माझ्या सोयऱ्यांचे नंबर कशाला? आणि मंडळी, ते आडवाटेने नव्हतं आलेलं. चांगलं प्ले स्टोअरमधून घेतलं होतं.