नितळ म्हणजे निर्मळ नव्हे



आज पाण्याविषयी चार शब्द सांगायचे आहेत. आधी आमचीच चूक सांगतो.

आमच्या परसात आजोबांनी खणलेली विहीर आहे. पाणी गार, गोड, नितळ. तळाचा खडा दिसावा असे. दोन वर्षांमागे गावातली एक सून पाणी तपासायला दारी आली. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले. त्यात गावोगावी पाच पाच बायांना हे काम शिकवायचे ठरले. ही त्यांतलीच एक. ती म्हणाली, "गुरुजी, तुमच्या विहिरीचं पाणी देता का? पैसे नाहीत, सक्तीही नाही."

आम्ही म्हणालो, "अगं, तीन पिढ्या हेच पाणी प्यायल्या. त्याला काय तपासायचं?"

खरे सांगायचे तर मनात भीती होती. पाणी वाईट निघालं तर लोक काय म्हणतील? सरकारने विहीर बुजवली तर?

त्याच पावसाळ्यात नातीला हगवण लागली. पोर मलूल पडली. रात्रभर आम्ही दवाखान्यात तिच्या उशाशी बसलो. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" आमची मान खाली गेली.

घरी येताच आम्ही त्या सुनेला बोलावले. तिने एका छोट्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरले. बूच लावून बाटली उबदार जागी ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काय, पाणी काळेकुट्ट! काळे झाले म्हणजे त्यात विष्ठेतले जंतू असल्याची खूण. पुढे प्रयोगशाळेनेही तेच सांगितले. विहिरीपासून दहा पावलांवर संडासाचा खड्डा होता. तो आम्हीच खणला होता!

विहीर कुणी बुजवली नाही. दंडही झाला नाही. आम्ही खड्डा दूर हलवला. विहिरीत मापाने ब्लीचिंग पावडर टाकली. तोवर पाणी उकळून प्यालो. पुन्हा तपासले, तेव्हा बाटली काळी झाली नाही.

पण सगळेच दोष उकळून जात नाहीत, बरं का! चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्याने दातांवर डाग पडतात, हाडे वाकतात. शेतातल्या खतांचे नायट्रेटही पाण्यात उतरते. ते तान्ह्या बाळाला घातक. असे पाणी उकळले तर दोष कमी होत नाही, उलट दाट होतो. तिथे पिण्यासाठी दुसरे पाणी शोधणे बरे. म्हणून तपासणीशिवाय उपाय कळत नाही.

तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेचीच घ्या, घरची नको. भरलेली बाटली लवकर पोचवा. पावसाळ्यानंतर पुन्हा तपासा.

मुले नापास झाली म्हणून आम्ही त्यांना शाळेतून काढले नाही. कुठे कच्ची आहेत ते पाहून शिकवले. पाण्याचेही तसेच आहे. परीक्षेला लाजू नका. घरातली लेकरं तेच पाणी पितात.