नऊ महिने

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



मी काही व्याख्याती नव्हे. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमची सून पोलिसांत लागली, त्यावर चार शब्द बोला." मी हो म्हटले, कारण त्याच विषयावर गेले पंधरा दिवस गावात ओट्याओट्यावर बोलणे चालले आहे. तेव्हा मीही आपले म्हणणे सर्वांसमोर मांडावे हे बरे.

आमच्या सूनबाईंची पुणे ग्रामीण पोलीस दलात शिपाई म्हणून निवड झाली. पुढच्या महिन्यात ती प्रशिक्षणाला जाईल. पदरी दोन वर्षांची पोर. "मूल जरा मोठे होऊ द्या, मग पाठवा," असे मला अनेकींनी सुचवले. ते मायेपोटीच, हे मी जाणते. पण खुल्या वर्गाला भरतीची वयोमर्यादा २८ वर्षांची, आणि ती आज सत्तावीस पुरी करते आहे. पोर मोठी होईल, पण भरतीचे वय थांबायचे नाही.

शिवाय ही निवड काही कुणी ओंजळीत घातलेली नाही. बायकांना ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि ४ किलोचा गोळा फेकणे, असे मैदानाचे ५० गुण. त्यांतून जी पार पडेल तिला १०० गुणांचा लेखी पेपर. आमच्याकडे गोळा कुठला! दुकानाच्या काट्यावर तोलून बरोबर चार किलोचा नदीतला एक गोटा आणला, आणि वर्षभर ती तो खाचरात फेकत होती. पहाटे साखरच्या रस्त्याने धावायची. रविवारी चोरदरवाजाच्या वाटेने राजगड चढून पद्मावतीचे दर्शन घेऊन खाली यायची, आणि आल्या आल्या गडावर निघालेल्या पाहुण्यांच्या पिठले-भाकरीला हात लावायची. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता मला यातले काय कळते? तर मी हे एकदा भोगले आहे. १९९६ साली आमचे हे भरती झाले तेव्हा माझा मुलगा, म्हणजे आताचा या पोरीचा बाप, बरोबर दोनच वर्षांचा होता. शिपायाचे प्रशिक्षण नऊ महिन्यांचे. माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुलाही नऊ महिने, त्यालाही नऊ महिने. फेडलेस म्हण!" म्हातारी मोठी विनोदी होती.

पुष्कळांना वाटते, प्रशिक्षण म्हणजे नुसती कवायत. तसे नाही. पहाटे उजाडण्याआधी उठणे, मैदानावर व्यायाम, मग परेड; हा झाला बाह्यवर्ग. त्यानंतर आंतरवर्ग, म्हणजे बाकावर बसून कायदा शिकणे. संध्याकाळी पुन्हा मैदान, रात्री हजेरी. शेवटी परीक्षा, आणि ती उतरली की दीक्षान्त संचलन. शिपायांसाठी खंडाळा, दौंडजवळचे नानवीज, तासगावाकडचे तुरची, जालना, अकोला, नागपूर अशी केंद्रे आहेत. फौजदारांची अकादमी नाशिकला. ती १९०६ साली आपल्या पुण्यातच भांबुर्ड्याला निघाली होती, १९०९ साली नाशिकला गेली. आमच्या ह्यांनी आपल्या त्या वेळच्या वह्या सुनेसाठी माळ्यावरून काढल्या. धूळ झटकून हाती दिल्या, तर ती हसली. १८६० सालची दंडसंहिता १ जुलै २०२४ पासून गेली आणि भारतीय न्याय संहिता आली! खुनाचे ३०२ कलम आता १०३ झाले. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षे जपलेल्या वह्या. यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आता ती यांना नवी कलमे शिकवते, आणि हे मुकाट्याने शिकतात.

पण मला सांगायचे आहे ते निराळेच. त्या नऊ महिन्यांत माझ्या हातून एक चूक झाली, ती मी आजवर कुणाला सांगितली नाही.

आषाढ होता. आवणी ऐन भरात, इरल्याखाली पाठ मोडलेली, आणि मुलाला ताप भरला. घरात दूरध्वनी नव्हता. रात्री चिमणीच्या उजेडात मी पत्र लिहिले. काय लिहू नये ते सगळे लिहिले. मूल तुमच्या नावाने कण्हते आहे, तरवा पिवळा पडतो आहे, मी एकटी मरते आहे. पत्र तिथे पोहोचेपर्यंत वेल्ह्याच्या डॉक्टरांच्या औषधाने ताप उतरला होता, शेजारणींनी खाचरही लावून दिले होते. पण ह्यांना ते कसे कळावे? ते रजा न मागताच निघून आले. भर पावसात दारात उभे, आणि मूल अंगणात होडी सोडते आहे! त्यांनी मुलाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि न जेवता परत फिरले. परवानगीवाचून गैरहजर राहण्याची शिक्षा झाली, आणि नोकरी जाता जाता राहिली. चार ओळी मी दोन दिवस उशिरा लिहिल्या असत्या तर?

यावरून कुणी म्हणेल, मग घरचे काही कळवूच नये. तेही मला पटत नाही. त्याच वर्षी सासूबाई ओटीवरून पडल्या, हात मोडला, आणि आम्ही ते लपवले. दिवाळीला हे घरी आले आणि आईचा वाकडा हात पाहून दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तेव्हा मी एक रीत ठरवली. झाले ते कळवायचे, पण त्यावर काय केले तेही त्याच पत्रात. "ताप आला, डॉक्टरांना दाखवले, आज उतार आहे." सुनेसाठीही हाच नियम मी मुलाला घालून दिला आहे. आता तर पत्रही नाही. फोन उचलला की रडणे थेट तिच्या कानात. पोर रडत असताना फोन लावायचा नाही, निजवून लावायचा.

पैशाचे एक सांगते. प्रशिक्षणात पगार मिळतो, पण मेसचा खर्च त्यातून जातो. लोकांना वाटते, नोकरी लागली, आता घरात पैसाच पैसा. पहिले काही महिने तरी उसनवारीवाल्यांना दारातूनच नमस्कार करावा.

आणि भगिनींनो, एक गोष्ट सांगायला जड जाते. निवडयादीत तिचे नाव आले त्या रात्री मला झोप नव्हती. पोरीचे दूध, भात, शी-शू, घरची गुरे. सगळे माझ्या अंगावर पडणार. क्षणभर असे मनात आले की, हिने धावण्यात गुण गमावले असते तर बरे झाले असते. सकाळी ती पाया पडायला वाकली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. यांच्यासाठी मी नऊ महिने काढले तेव्हा सारा गाव म्हणाला, केवढी पतिव्रता! आता माझा मुलगा बायकोसाठी तेच करतो आहे, तर त्याला काय काय म्हणतात ते मी ऐकले आहे. तो भाकरी थापायला शिकतो आहे. पहिल्या दोन जळाल्या, तिसरी फुगली. पोरीची वेणी अजून वाकडीच पडते.

रोहिणीत तरवा टाकला आहे, तो आषाढात उपटायला येईल. तोवर सूनबाई केंद्रात असेल. तिच्या वाटणीच्या दोन खाचरांना मला चार बायका लागतील. दोघींनी होकार दिला आहे. उरलेल्या दोन कोण येता, ते चहापाणी झाल्यावर मला सांगा. तुमच्या आवणीला मी आणि माझा मुलगा, दोघेही येऊ.