मिरजेच्या वतीने आपले स्वागत



अतिगंभीर आणि वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेसाठी नर्स प्रॅक्टिशनर कसे घडवायचे, या विषयावरील परिषदेच्या स्वागत समितीचा अध्यक्ष म्हणून मी आपणा सर्वांचे मिरज नगरीत मनःपूर्वक स्वागत करतो. मी धंद्याने अडत्या. गुळाची ढेप आणि हळदीचे पोते यांपलीकडे माझे ज्ञान नाही. पण संयोजकांनी आग्रह केला आणि मिरजेबद्दल बोलायचे म्हटल्यावर मला नाही म्हणता आले नाही.

आपल्यापैकी बरेच जण रेल्वेने आला असाल. मिरज हे जुने जंक्शन. एके काळी रुंद, मध्यम आणि अरुंद अशा तिन्ही मापांच्या रुळांवरच्या गाड्या इथे यायच्या. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर तहानलेले असताना पाण्याची गाडी निघाली तीही याच स्टेशनातून. १२ एप्रिलच्या पहाटे ती लातूरला पोहोचली. त्या दिवसांत स्टेशनात टाक्या भरताना बघायला आमचे अर्धे गाव लोटले होते.

पटवर्धनांचे संस्थान, भुईकोट किल्ला, ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांचा दर्गा, हे सगळे आपण उद्या फिरून बघालच. दर्ग्याच्या उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, हे मात्र आवर्जून सांगतो. त्यावरून गावाचा स्वभाव कळतो. गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. १९३७ साली प्रवासात त्यांचे निधन झाले आणि त्यांना मिरजेला आणले गेले. किराणा घराण्याचा माणूस अखेर मिरजेचा झाला, याचा आम्हाला आजही अभिमान वाटतो.

आता आपल्या क्षेत्राकडे वळतो. डॉ. विल्यम वानलेस हे मूळचे कॅनडाचे. अमेरिकन मिशनतर्फे ते १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचे इस्पितळ उभे राहिले. शस्त्रक्रियेसाठी लांबलांबून माणसे यायची. बैलगाडीतून यायची, रेल्वेतून यायची. मिरजेला ‘दवाखान्यांचे गाव’ हे नाव पडले ते तेव्हापासून. वानलेसवाडी हे नाव आजही टिकून आहे. पुढे १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही इथेच सुरू झाले.

वानलेससाहेबांना सगळे ओळखतात. मला आज एका दुसऱ्या डॉक्टरांची आठवण काढायची आहे. जवळच्या कुरुंदवाडच्या एका मुलाचे डोळे लहानपणी फटाक्याने भाजले. इलाजासाठी त्याला मिरजेला आणले. इथल्या डॉ. भडभडे यांनी शर्थ केली, पण नजर पूर्ववत झाली नाही. साधा डॉक्टर असता तर तिथेच थांबला असता. भडभड्यांनी मुलाचा गळा ऐकला होता. याला गाणे शिकवा, असा सल्ला त्यांनी दिला आणि मुलगा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या तालमीत दाखल झाला. तो मुलगा म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी गाणे घराघरांत नेले. पलुस्करांचे नाव देशभर आहे. डॉ. भडभडे हे नाव किती मिरजकरांना ठाऊक आहे? या सभागृहातल्या मिरजकरांनी हात वर करावेत, असे मी म्हणणार नाही. पाहुण्यांसमोर आपलीच पंचाईत नको.

आणखी एक रुग्ण सांगतो आणि पुढे जातो. नारायण राजहंस या मुलाला कानाचा त्रास होता. शाहू महाराजांनी इलाजासाठी त्याला मिरजेलाच पाठवले. १९०५ साली मिरजेतच तो किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला म्हणून रंगमंचावर उभा राहिला आणि महाराष्ट्राला बालगंधर्व मिळाले. आमच्याकडे माणूस दुखणे घेऊन येतो आणि कधी कधी गाणे घेऊन परत जातो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण मिरजकराला तेवढी मुभा असावी.

आपल्या पिशवीत सतारमेकर गल्लीचा नकाशा ठेवला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये करायला घेतली. मूळ धंदा हत्यारांना धार लावण्याचा. तलवारीचे दिवस सरले, हात मात्र कसबी होते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे गेलात तर जवारी लावताना, म्हणजे तारेला घुमारा आणताना, जरूर बघा. पंढरपूरकडचा वाळलेला भोपळा, त्यावर दांडी, खुंट्या, सगळे जोडून झालेले असते. तरी तानपुरा अजून बोलत नाही. मग कारागीर घोडीवर कानस फिरवतो, अगदी केसाएवढी. तार चढवतो, छेडतो, कान लावतो. तार उतरवतो, पुन्हा घासतो. तारेखाली सुताचा धागा सरकवतो. असे किती वेळा, याचा हिशेब नाही. एका क्षणी तार नुसती वाजायची थांबते आणि घुमू लागते. त्या कारागिराला मी विचारले, की कळते कसे? तो म्हणाला, ‘‘शेठ, कान तयार व्हायला वर्षं लागतात.’’

आपल्या शास्त्राचा मला गंध नाही, पण हे मला समजले. आमच्या समितीतल्या डॉक्टरांनी सांगितले, की म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया झाला तरी ताप येईलच असे नाही. काल नाव-गाव सांगणारा रुग्ण आज गप्प पडून राहतो आणि घरचे म्हणतात, बरे झाले, झोप लागली. ती झोप आहे की भ्रम, हे ओळखायला कान तयार लागतो. डॉक्टरांचा राउंड होऊन जातो. रात्री तीन वाजता खाटेशी सिस्टर असते. तिने नुसते निरोप द्यायचे, की ठरलेल्या प्रोटोकॉलनुसार स्वतः तपासून उपचारही सुरू करायचे, हा आपल्या परिषदेचा प्रश्न आहे, असे मी समजतो.

१९६५ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचे पहिले शिक्षण सुरू केले. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आणला. बी.एस्सी. नर्सिंगनंतर किमान एक वर्ष रुग्णसेवा केलेल्यांनाच तिथे प्रवेश, आणि शिक्षणाचा मोठा भाग वर्गात नव्हे, खाटेजवळ. सतारमेकर गल्लीतही असेच शिकवतात. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे दहा कोटींहून जास्त होती. आता मीही त्यांच्यात आहे. त्यामुळे आपली परिषद यशस्वी व्हावी, यात माझा स्वार्थही आहे.

आता व्यवस्थेविषयी. प्रतिनिधींची संख्या अपेक्षेपेक्षा वाढली. काहींची सोय मंगल कार्यालयात करावी लागली. तिथे गरम पाणी सकाळी सहा ते आठच मिळेल. गाद्या पातळ आहेत, हे मला कालच कळले. आज रात्री जादा गाद्या येतील. ध्वनिक्षेपकाने आत्ता दोनदा शिट्टी मारली. तंतुवाद्यांच्या गावात हे शोभत नाही, पण माणूस पाठवला आहे. जेवणात तिखट जास्त वाटले तर वाढप्याला सांगा, दही भरपूर आहे. नाष्ट्याला भडंग ठेवले आहे. ते पुरणार नाही, अशी भीती मला पहिल्यापासून आहे. दाराशी व्हीलचेअरसाठी उतार केला आहे, पण तो जरा उभा झाला आहे. स्वयंसेवकांनी तिथे थांबावे, ही विनंती.

आभार मानायचे तर यादी लांब आहे. मार्केट यार्डातील माझ्या अडत्या बांधवांनी धान्य दिले. कापडपेठेने पिशव्या दिल्या. औषध विक्रेत्यांनी छपाईचा खर्च उचलला. दूधवाल्यांनी तीन दिवसांचे दही फुकट देऊ केले. महिला मंडळांनी पोळ्यांची जबाबदारी घेतली. रिक्षावाल्यांनी स्टेशनवरून प्रतिनिधींना मोफत आणले आणि एकानेही घासाघीस केली नाही, हे इतिहासात नोंदवायला हवे. सतारमेकर गल्लीने व्यासपीठावरचा हा तानपुरा दिला आहे. तो शोभेचा नाही, संध्याकाळच्या मैफलीत वाजणार आहे. नावे सांगू नका, असे बहुतेक देणगीदारांनी बजावले. ज्यांनी बजावले नाही त्यांची नावे फलकावर आहेत.

शेवटी एक मागणे. ठराव करताना एवढे जरूर लिहा, की दोन वर्षे शिकून तयार झालेल्या सिस्टरला परत जुन्याच कामावर पाठवू नका. तिच्या शिक्षणाला साजेसे पद द्या, अधिकार द्या आणि पगारही द्या. ठराव सरकारदरबारी पोहोचवायला गाडीभाडे लागले तर आमची अडत त्याची सोय करील. काही उणे-अधिक घडले तर पोटात घालावे.