‘सेट’ या शब्दाचा संसार

इंग्रजी भाषेंतला सर्वांत मोठा शब्द कोणता, असें विचारलें म्हणजे शाळकरी मुलें हटकून एखादा वीस-पंचवीस अक्षरांचा लांबलचक शब्द पुढें करतात. कोशकारांचें उत्तर मात्र निराळें असतें. त्यांच्या हिशेबीं शब्दाचें मोठेपण अक्षरांवर नसून अर्थांवर असतें. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाची दुसरी आवृत्ति १९८९ सालीं २० खंडांत निघाली. तींत सर्वांत अधिक जागा अडविली ती ‘सेट’ या रोमन लिपींतल्या तीन अक्षरांच्या क्रियापदानें. त्याचे ४३० हून अधिक अर्थ, आणि त्यांचें विवरण सुमारें ६०,००० शब्दांचें! एका शब्दासाठीं एवढें लिखाण म्हणजे एक बेताची कादंबरीच झाली.

हा पसारा पाहून नवशिका विद्यार्थी गांगरून जातो. सूर्य ‘सेट’ होतो म्हणजे मावळतो, आणि सिमेंट ‘सेट’ होतें म्हणजे घट्ट होतें. परीक्षक प्रश्नपत्रिका ‘सेट’ करतो म्हणजे ती काढतो. सुतार करवत ‘सेट’ करतो, म्हणजे तिचे दांते आळीपाळीनें किंचित् डावीउजवीकडे वांकवितो. तसें केलें नाहीं तर करवत लांकडांत अडकून बसते. ‘सेट म्हणजे ठेवणें’ एवढेंच ज्यानें घोकलें, त्यानें या वाक्यांचें काय करावें?

परंतु या शब्दाचें कूळ पाहिलें म्हणजे गोंधळ बराच निवळतो. इंग्रजींत ‘सिट’ म्हणजे बसणें. त्याचेंच प्रयोजक रूप ‘सेट’, म्हणजे बसविणें. पडणें आणि पाडणें यांचें जें नातें, तेंच या दोघांचें. आतां आपल्या ‘बसविणें’ या क्रियापदाची दौड पाहावी. सोनार कोंदणांत हिरा बसवितो, हाडवैद्य निखळलेलें हाड बसवितो, गवई पदाला चाल बसवितो, सरकार कर बसवितें, गृहिणी कोंबडी अंड्यांवर बसविते. यांतील बहुतेक ठिकाणीं इंग्रज निःशंकपणें ‘सेट’ म्हणेल. सूर्य देखील त्याच्या लेखीं दिवसभर चालून थकलेला प्रवासी आहे. संध्याकाळीं तो टेकतो, इतकेंच. आपण त्याला पाण्यांत बुडवितों किंवा मावळवितों.

याहून जुनें नातें संस्कृताशीं आहे. ‘सिट’ आणि ‘सेट’ यांचा व संस्कृतांतील ‘सद्’ या धातूचा उगम एकच. सभासद, परिषद्, संसद हे त्याच घराण्यांतले शब्द. पक्ष्याच्या घरट्याला संस्कृतांत ‘नीड’ व इंग्रजींत ‘नेस्ट’ म्हणतात, तीहि याच कुळांतली सख्खीं भावंडें. मौज अशी कीं आपलें ‘बसणें’ मात्र या कुळांतलें नव्हे. तें ‘उपविश्’ पासून ‘बैसणें’ या वाटेनें आलें. रक्ताचें नातें नसतांनाहि दोघांनीं संसार मांडला तो अगदीं एका वळणाचा! याच कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीच्या कामांत ‘रन’ या शब्दानें ६४५ अर्थांची मजल गांठून ‘सेट’ ला मागें टाकलें आहे. धांवणारा बसणाऱ्याच्या पुढें जावा, यांत नवल तें काय?

अर्थात् ‘बसविणें’ ही किल्ली प्रत्येक कुलपाला चालत नाहीं. गजराचें घड्याळ आपण लावतों, सापळा लावतों, आग लावतों. तेथें ‘सेट’चें काम ‘लावणें’ करतें. चहाचा सेट, टेनिसचा सेट हें नाम तर बरेंचसें परक्या रक्ताचें. लॅटिन भाषेंत अनुयायांच्या पंथाला जो शब्द होता, तो फ्रेंचांच्या हातून इंग्रजींत आला आणि रूपसाम्यामुळें या घरांत मिसळून गेला. त्याला मराठींत ‘संच’ हा नेटका शब्द असून लोक ‘सेट’च म्हणतात. प्राध्यापकीसाठीं जी ‘सेट’ परीक्षा देतात तिचा मात्र या घराण्याशीं कांहीं संबंध नाहीं. तीं नुसतीं आद्याक्षरें होत. नोकरी लागून मुलगा ‘सेट झाला’ असें हल्लीं घरोघर ऐकूं येतें; ‘बस्तान बसलें’ या म्हणण्यांत काय उणें होतें, कोण जाणे!

खरी कसोटी लागते ती ‘सेट’ला एखादें चिमुकलें अव्यय चिकटतें तेव्हां. ‘सेट इन’ म्हणजे सुरू होऊन टिकणें; केरळांत मोसमी पाऊस साधारणपणें १ जूनला येतो, त्या आगमनाला हवामानखातें ‘ऑनसेट’ म्हणतें. ‘सेट असाइड’ हा जोड मात्र फसवा आहे. मुलीच्या शिक्षणासाठीं पैसे ‘सेट असाइड’ केले म्हणजे ते राखून ठेवले; परंतु वरिष्ठ न्यायालयानें हुकूमनामा ‘सेट असाइड’ केला म्हणजे तो रद्द केला. एकच शब्दजोड, एकीकडे रक्षण, दुसरीकडे उच्छेद! ज्या पक्षकाराला पहिलाच अर्थ ठाऊक, तो जिंकलेला दावा हातचा गेला असतांना निकाल राखून ठेवला आहे अशा समजुतींत स्वस्थ बसेल, आणि तिकडे पुढील अपिलाची मुदत निघून जाईल.

‘सेट ऑफ’चेंहि तसेंच. प्रवासाला निघणें हा त्याचा नित्याचा अर्थ, फटाका उडविणें हा दुसरा. पण कायद्यांत त्याचा अर्थ वजावट. दिवाणी दाव्यांत प्रतिवादी आपलें येणें वादीच्या मागणींतून वळतें करून मागतो, ती ही वजावट. फौजदारी कायद्यांत तिचें मोल याहून मोठें आहे. खटला चालू असतांना आरोपीनें तुरुंगांत काढलेले दिवस कैदेच्या शिक्षेंतून वजा करण्याची तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत होती, आणि तिच्या जागीं आलेल्या २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतहि ती आहे. एक वर्षाची कैद झालेला मनुष्य निकालापूर्वीं त्याच खटल्यांत आठ महिने कोठडींत असेल, तर निकालपत्रांतील या दोन शब्दांमुळें त्याला आणखी चारच महिने काढावे लागतात.