इंजिन धूर सोडू लागलं तर



आपल्या भागाला इंजिन नवं नाही. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना घातला. त्याचीच पुढं किर्लोस्करवाडी झाली. साताऱ्यात कूपरांच्या कारखान्यात डिझेल इंजिनं तयार झाली. आज तर उसात भांगलणीला लहानसं पेट्रोलचं वीडर आलं आहे. बांधावरचं गवत कापायलाही यंत्र आलं आहे.

पण हे इंजिन एखाद्या दिवशी अचानक धूर सोडू लागतं. मग माणूस घाबरतो. आज आपण त्या धुराविषयी बोलू.

आम्ही पाहिलेली एक गोष्ट सांगतो. कृष्णाकाठच्या एका गावात एका आबांनी नवं वीडर घेतलं होतं. एके दिवशी सकाळी त्यांनी दोरी ओढली. इंजिन सुरू झालं आणि पांढरट निळा धूर असा सुटला, की आळीतली माणसं धावत आली. कुणी म्हणालं, "रिंगा गेल्या." कुणी म्हणालं, "इंजिन खोलावं लागणार." आबांचा चेहरा उतरला. उसाचं बिल अजून यायचं होतं. खर्च करायचा कुठून?

आम्ही एकच विचारलं, "आबा, काल यंत्र घरी कसं आणलं?"

"टेंपोत आडवं घालून आणलं की."

तिथंच रोग सापडला. या इंजिनाच्या पोटात ऑइल असतं. यंत्र आडवं केलं, की ते ऑइल नको तिथं शिरतं. सिलिंडरमध्ये जातं, एअर फिल्टरमध्येही जातं. इंजिन सुरू झालं, की ते जळतं. त्याचाच हा धूर. रिंगा चांगल्या होत्या. आम्ही यंत्र सपाट जागेवर उभं केलं. फिल्टर साफ केला, ऑइल बरोबर केलं आणि इंजिन उघड्या अंगणात चालू ठेवलं. थोड्या वेळात धूर विरला. खर्च झाला तो थोड्या ऑइलचा.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. धूर दिसला की इंजिन बंद करा आणि स्वतःला विचारा, "काल आपण काय केलं?" यंत्र आडवं केलं होतं का? ऑइल घातलं होतं का? ऑइल बाहेर सांडलं होतं का? सायलेन्सरवर सांडलेलं ऑइलही तापलं की धूर सोडतं.

आता ऑइल बघा. इंजिन थंड होऊ द्या आणि यंत्र सपाट जागेवर ठेवा. ऑइल मोजायची पट्टी काढा, फडक्यानं पुसा, परत घाला आणि मग बघा. कंपनीच्या पुस्तकात लिहिलं असेल तसंच मोजा. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये हवं. वर गेलं असेल तर जादा ऑइल काढा. "थोडं जास्त घातलं तर बरंच" असं म्हणू नका. जास्त ऑइलनंही धूर होतो. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि ते वाढलेलं दिसत असेल, तर पेट्रोल आत झिरपतं आहे. तसं इंजिन चालवू नका. मिस्त्रीला दाखवा.

यंत्र आडवं पडल्यावर दोरी जड लागली, तर जोर करू नका. सिलिंडरमध्ये ऑइल भरलेलं असतं. जोर केला तर इंजिन मोडेल. अशा वेळी मिस्त्रीला बोलवा.

आता धुराचा रंग बघा.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. ऑइल बरोबर आहे, यंत्र आडवं केलं नाही, तरी निळा धूर रोज येतो आणि ऑइल रोज कमी होतं, तर मग रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले असतील. तेव्हा मिस्त्रीकडे जायचं.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. चोक उघडायचा राहिला का बघा. एअर फिल्टर धुळीनं भरला का बघा. स्पंजाचा फिल्टर साबणाच्या पाण्यानं धुवून पूर्ण वाळवा. कागदी फिल्टर धुवू नका. तो हलकेच झटका, फारच मळला तर बदला. फिल्टर काढून इंजिन चालवू नका. धूळ आत गेली, की रिंगा खरोखरच जातील.

काही गवत कापायच्या यंत्रांत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून घालतात. त्यांना थोडा निळा धूर असतोच. पण माप चुकून ऑइल जास्त पडलं, तर धूर वाढतो. पुस्तकात दिलेलं मापच घ्या.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचंही थोडं सांगतो. थंडीत सुरू करताना जरा पांढरा धूर आला, तर घाबरू नका. तो थांबला नाही, तर डिझेलात पाणी गेलं असेल. काळा धूर आला, तर फिल्टर बघा आणि इंजिनावर बोजा जास्त झाला आहे का ते बघा.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसला नाही तरी तो असतो. बंद खोलीत, गोठ्यात किंवा विहिरीत उतरवून इंजिन चालवलं, तर तो साचतो. माणसाला चक्कर येते, तो पडतो आणि तिथंच मरतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. म्हणून इंजिन नेहमी उघड्यावर चालवा. विहिरीत कुणी पडलं, तर मागून उडी घेऊ नका. वरून इंजिन बंद करता आलं तर करा. ओरडून माणसं जमवा. 108 ला फोन करा. इंजिन पुन्हा घेता येतं, घरचा माणूस पुन्हा मिळत नाही.

मंडळी, आपण आता अक्षरं वाचायला शिकलो आहोत. यंत्राबरोबर आलेलं पुस्तक ट्रंकेत ठेवू नका. ते वाचा. ऑइल बदललं की भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख लिहा. पट्टीवरची खूण वाचा, धुराचा रंगही वाचा. मग "इंजिन खोला" असं कुणी म्हणालं, तर आपण विचारू शकू, "का बरं?"

राम राम.